श्वासाची भरती-ओहोटी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या हर्णै बंदरात शेंबडं पोरही सांगेल. अष्टमीला आठ पाऊण सहा. थोडं मागंपुढं होतं, पण होडी अडत नाही.

गेल्या पावसाळ्यात बाबांचं हृदय थकलं, तेव्हा रात्री उशाशी बसून मी त्यांचे श्वास मोजत असे. श्वास खोल खोल होत जायचा, मग उथळ, मग बंदच. घड्याळात पंचवीस सेकंद. आई देवाचं नाव घ्यायला लागायची, तोवर पुन्हा सुरू. रुग्णालयाच्या कागदावर मात्र एवढंच: 'श्वास मिनिटाला १८'.

याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. डॉ. जॉन चेन यांनी १८१८ सालीच ते नोंदवलं होतं. १९७७ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या मायकेल मॅकी आणि लिऑन ग्लास यांनी ते समीकरणात बसवलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याची वर्दी मेंदूला जरा उशिराच पोचते. रक्ताभिसरण मंदावलं की आणखी उशिरा. मग मेंदू आधी गरजेपेक्षा जास्त श्वास घ्यायला लावतो, नंतर कमी. समीकरणात हा उशीर वाढवत नेला की संथ श्वास आपोआप हेलकावू लागतो.

'मिनिटाला १८' या सरासरीत तो हेलकावा पुसला जातो. तालुक्याच्या रुग्णालयांत निदान हृदयरुग्णांचा रात्रीचा श्वास किती सेकंद थांबला, किती वेळाने परतला, हे लिहून ठेवावं. वही आणि सेकंदकाटा, एवढंच लागतं.

— एक वाचक, हर्णै (ता. दापोली)