फी सांगताना जीभ अडखळते तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. पेन्शनमध्ये भागतं पण ओढाताण होते, आणि 'तुझ्यासारखं शिकवावं म्हणतो, पण मला शिकवता येतं कुठे?' असं लिहिलंयस. अरे, मलाही येत नव्हतं. माझी पहिली तुकडी कशी बुडाली ते ऐक, मग ठरव.

पाच जण होते. सगळे छोटे व्यावसायिक, आपले हिशेब आपणच लिहू पाहणारे. मी पस्तीस वर्षं कीर्द-खतावणीत घालवलेली. वाटलं, आहे ते सगळं देऊन टाकू. पहिल्याच दिवशी दुहेरी नोंदपद्धत काढली, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे असा दोन बाजूंनी लिहायची रीत, तीही १४९४ साली पाचोली नावाच्या इटालियन गणितज्ञाने छापील रूपात मांडली इथपासून. दोन तास बोललो. घसा बसला आणि पुढच्या आठवड्याला तिघेच आले.

त्या तिघांतल्या एक बाई तास संपल्यावर वही घेऊन थांबल्या. 'सर, तेरीज जुळत नाहीये. तेवढं सांगाल का?' तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांची जमा आणि नावे बाजू सारखी येते का, याचा ताळा. दोन बाजूंत फरक होता ४५० चा. मी म्हटलं, नऊने भाग जातोय, कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल. शोधलं तर ३८० चे ८३० झालेले! दरवेळी तेच कारण असतं असं नाही, पण शोध तिथून सुरू करावा. आणि फरक सम असला तर निम्मा करून तेवढी रक्कम धुंडाळावी. बहुधा जमेची नोंद नावे पडलेली सापडते. या युक्त्या माझ्या बोटांत इतक्या मुरल्या होत्या की त्यांना मी ज्ञान समजतच नव्हतो. बाईंचा चेहरा मात्र पाचोलीपेक्षा त्यावर खुलला.

त्यानंतर 'हिशेबशास्त्र' हे नाव टाकलं आणि 'तेरीज का जुळत नाही?' एवढाच चार तासांचा वर्ग ठेवला. तो चालतो.

तुझंही तसंच कर. 'वीजकाम शिका' म्हणशील तर कोण येईल? घरातला सारखा ट्रिप होणारा, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, एवढंच घे. सगळे सर्किट बंद करून एकेक चालू करत दोष कुठे आहे ते हुडकायचं, हे तुला सहज वाटतं. लोक त्यापायी हैराण असतात. आणि तारेत वीज आहे का ते मीटरने तपासायची तुझी ती सवय: आधी चालू लाइनवर, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू लाइनवर. मीटरच बिघडलेला असला तर बंद दिसणारी तारही जीव घेते, हे तू मला एकदा दरडावून सांगितलं होतंस. ते दरडावणं हाच तुझा पहिला धडा. दोष ओळखायला शिकव. दुरुस्ती परवानाधारकाने करायची, हे पहिल्याच तासाला बजाव.

आता पैशाचं. फी सांगताना माझी जीभ अडखळायची. 'द्या काय द्यायचं ते' म्हणून मोकळा व्हायचो, आणि मग कुणी उशिरा यायचं, कुणी यायचंच नाही. फी आधी ठरली, आधी घेतली, की लोक वेळेवर येतात. पण फी तासावर मोजू नकोस. मला पहिल्यांदा एका तासासाठी चार तास तयारी लागली, म्हणजे कमाई पाचांत वाटली गेली. तोच वर्ग तिसऱ्यांदा घेतला तेव्हा तयारी अर्ध्या तासात उरकली. तेव्हा दर महिन्याला नवा विषय काढायचा उत्साह आवर. हिशेबनीस म्हणून आणखी एकच: या पैशांची वही वेगळी ठेव, करात दाखव, आणि पेन्शनच्या अटींत जादा कमाईबद्दल काही आहे का ते वाच.

शिकवलेलं लोक विसरतात याचा मला राग यायचा. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं, हे त्यांत दिसलं. म्हणजे दोष माझ्या शिष्यांचा नव्हता. आता सलग दोन तास घेत नाही, आठवड्यातून दोनदा एकेक घेतो. सुरुवातीची दहा मिनिटं वह्या मिटून मागचं विचारतो. कुरकुरतात, पण लक्षात राहतं.

एक कबूल करतो, काही दिवस कुणीच येत नाही. मग उगाच वाटतं, आपल्यात काही राहिलं नाही. या पैशांवर कर्जाचा हप्ता अवलंबून ठेवू नकोस, एवढं ऐक.

तुझा पहिला तास कागदावर उतरव आणि वहिनींसमोर घेऊन बघ. त्या तुझी भीड ठेवणार नाहीत. त्यांनी तुला नेमकं कुठे थांबवलं, तेवढं मला लिही.

तुझाच,
जुना हिशेबनीस