चुंबकाच्या मशीनआधी स्मृतिभ्रंशाचं निदान गावात पोहोचवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

घाटंजी तालुक्यात मी दवाखाना चालवतो. कापसाचे पैसे हातात आले की एखादा मुलगा मोबाइलवरची जाहिरात पुढे करून विचारतो, "डॉक्टरसाहेब, मायले नागपूरले नेऊन हे चुंबकाचं मशीन लावू का? पुरी बरी होते म्हन्ते." शेजारी बसलेल्या मायला या मुलाचंच नाव आठवत नसतं.

मशीन खोटं नाही, "पुरी बरी" हे खोटं आहे. डोक्याला कॉइल टेकवून चुंबकीय ठोके देतात, त्यातून मेंदूच्या वरच्या थरात क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. भूल लागत नाही, चिरफाड नाही. नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ पासून या उपचाराला मान्यता आहे. अल्झायमरसाठी, म्हणजे हळूहळू स्मरण घालवणाऱ्या आजारासाठी, तिथेही नाही. रोममधल्या डॉक्टरांनी सौम्य ते मध्यम अवस्थेतल्या ५० रुग्णांवर तो करून पाहिला आणि २०२२ साली निष्कर्ष छापले. ज्यांना नुसता उपचाराचा देखावा केला त्यांची घसरण झाली, ज्यांना खरे ठोके मिळाले त्यांची अवस्था बरीचशी टिकली. टिकली, एवढंच. रुग्ण थोडे होते, पण आशा धरावी असं हे काम आहे, आणि ते आपल्याकडेही व्हावं असं मला मनापासून वाटतं.

मात्र त्यासाठी आधी दोन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, आणि पुढे बावीस आठवडे दर आठवड्याला एकदा रुग्णाला आणावं लागलं. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोण नेणार? शिवाय आमच्याकडे रुग्ण येतो तोच उशिरा. म्हातारचळ लागला म्हणत घरचे वर्षं काढतात; माय वावरात जाऊन परतीची वाट चुकली, की मग धावपळ.

साहेब, सुरुवात तुमच्याच खात्याच्या कागदावर झालेली आहे. आशाताई घरोघरी आजार हेरण्यासाठी प्रश्नांचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? आशाताई 'हो' लिहून घेतात. मी पाहतो त्या गावांत त्या 'हो'नंतर काहीच होत नाही. देशात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि त्याचं प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे.

त्या प्रत्येक 'हो'ची ग्रामीण रुग्णालयात तपासणी व्हायला हवी. निरक्षर आजीलाही देता येईल अशी मराठीतली स्मरण चाचणी, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडची रक्ततपासणी, नैराश्याची विचारपूस. यातले काही रुग्ण तर साध्या गोळ्या-इंजेक्शनांनी सुधारतात, त्यांना अल्झायमर नसतोच! कमी ऐकू येण्यानंही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, म्हणून ऐकू न येणाऱ्याला श्रवणयंत्र द्या, तेही याच कामात मोडतं.

जाहिरातींसाठी नवा कायदा नको. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, मेंदूचे विकार त्याच्या यादीत आहेत, तो वापरा.

आणि चुंबकीय उपचाराची चाचणी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करा. रुग्णाकडून पैसे न घेता, सोबत येणाऱ्याला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी देऊन. रुग्ण निवडायला मी माझ्या दवाखान्यातून मदत करीन.

आपला,
घाटंजी तालुक्यातील एक डॉक्टर