नदीच्या डोहांना राखण हवी: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

२०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, ते चांगलंच झालं. हे पत्र मात्र गोड्या पाण्यातल्या एका माशाबद्दल आहे, आणि तो पुण्याचा आहे.

कंपनीच्या राज्यात मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करत कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी दख्खनभर फिरला. इथल्या माशांचीही त्याने नोंद केली. मुळा-मुठेतल्या एका अजस्र माशाचं वर्णन १८३९ साली प्रसिद्ध करताना त्याने यारेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाचं नाव त्याला दिलं. तोच बॅगॅरियस यारेली. उत्तरेत त्याला गूंच म्हणतात. शास्त्राच्या दप्तरी या नावाचा मूळ पत्ता पुणे हाच आहे. आता त्या पत्त्यावर सांडपाणी राहतं.

हा मासा दिसायला काही देखणा नाही. चपटं रुंद डोकं, मिशा, बिनखवल्याची खरखरीत कातडी, तपकिरी अंगावर काळे पट्टे. वाढला तर माणसाहून लांब होतो. टीव्हीवाल्यांनी काली नदीतल्या गूंचला नरभक्षक ठरवून टाकलं, पण त्याचं खरं खाणं म्हणजे मासे आणि झिंगे. राहतो तळाशी, खडकांच्या आडोशाला, जिथे पाणी खळाळतं आणि त्यात प्राणवायू भरपूर असतो. धरणामागच्या साचलेल्या, गाळ बसलेल्या पाण्यात त्याला तसं घर मिळत नाही. साइक्स आला तेव्हा खडकवासल्याची भिंत नव्हती. आज मुठेवर आणि तिच्या उपनद्यांवर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं आहेत आणि मुळेवर मुळशी.

उन्हाळ्यात धार आटली की नदीतले मोठे मासे डोहात गोळा होतात. पुढच्या पावसाळ्यात वीण घालणारी सगळी मंडळी तेव्हा एका खळग्यात असते. तिथे कुणी जिलेटीनची कांडी टाकली, किंवा वाळूउपशाने खडकांचा आडोसाच मोडला, की त्या पट्ट्यातली पिढी संपली. मग वरून कितीही मत्स्यबीज सोडा. तसंही आपण सोडतो ते कटला, रोहू, मृगळ; हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. उजनीत जाळं ओढलं तर चिलापी आणि सकर हे परदेशी मासे हाती येतात. त्यातला सकर तर कुणी विकतही घेत नाही.

डोह राखणं आपल्याकडे नवं नाही. रायगडात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत आणि पालघर जिल्ह्यात वाडा गावाजवळ तिळसेश्वराला देवाच्या नावाने मासे राखले जातात. तिथे महसीर आजही दिसतो. देव नसलेल्या डोहांचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे, आणि तो आपल्या अखत्यारीतला आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या बोटभर माशासाठी राज्याने २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. बोटभर माशासाठी जमलं, तर पुरुषभर माशासाठी का जमू नये?

मागणी एकच. भीमा, कृष्णा, गोदावरी आणि वैनगंगेच्या खोऱ्यांतल्या बारमाही डोहांची यादी जिल्हा कार्यालयांकडून मागवा. कुठला डोह किती खोल आणि तिथे कोणता मासा बसतो, हे भोई समाजातल्या म्हाताऱ्यांना आणि मच्छीमार सोसायट्यांना विचारा. त्यांना तोंडपाठ असतं. त्यातले निवडक डोह मासेमारी आणि वाळूउपशाला बंद करा, आणि राखणीचं काम त्याच सोसायट्यांना मोबदला देऊन सोपवा. पाटबंधारे खात्याशी बोलून उन्हाळ्यात त्या डोहांपर्यंत थोडं पाणी वाहतं ठेवायला सांगा.

यादी येत्या मार्चपूर्वी झाली तर बरं. एप्रिलपासून डोह उघडे पडू लागतात.

आपला,
पुण्यातील एक नागरिक