बोली झाली की सौदा पक्का, हे परवान्यात लिहा : पणनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पणनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कांदा लिलावातली बोली खरेदीदारावर बंधनकारक करणे व व्यापारी परवान्याच्या अटींत तशी दुरुस्ती करणे.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी चांदवड तालुक्यातला कांदा उत्पादक. माल कधी लासलगावला नेतो, कधी पिंपळगाव बसवंतला, कधी उमराण्याला. कांद्याचा भाव, निर्यातशुल्क, निर्यातबंदी यांवर आपल्याला पुष्कळ पत्रे येत असतील. त्या गोष्टी दिल्लीत ठरतात. मी लिहितोय ते आपल्या खात्याच्या पूर्ण हातात असलेल्या विषयावर : बाजार समितीतला लिलाव कसा व्हावा आणि त्यात बोली लावणाऱ्याला परवाना कोणत्या अटींवर मिळावा.

जाहीर लिलाव ही शेतकऱ्याला कायद्याने मिळालेली फार मोठी गोष्ट आहे. त्याआधी रुमालाखाली बोटे दाबून सौदे व्हायचे. दोन व्यापाऱ्यांत काय ठरले ते मालाच्या मालकालाही कळायचे नाही, दलाल सांगेल तो भाव. १९६३ चा कृषी उत्पन्न पणन अधिनियम आणि १९६७ चे नियम यांनी सौदा उघड्यावर आणला. अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय व्यापारी, अडत्या (दलाल), मापाडी (वजन करणारा) म्हणून कोणाला काम करता येत नाही. कलम ७ प्रमाणे समिती परवाना देते, आणि कलम ८ प्रमाणे तो निलंबित किंवा रद्द करता येतो. चौकट चांगली आहे. पण लिलाव संपला की तिचा धाक संपतो आणि शेतकऱ्याची खरी अडचण तिथून पुढे सुरू होते.

आपण कधी सकाळच्या सत्रात लासलगावच्या आवारात उभे राहिलात तर दिसेल. ट्रॅक्टर ओळीने लागलेले, ताडपत्र्या मागे सारलेल्या. समितीचा लिलाव पुकारणारा पुढे आणि त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका. कोणी ट्रॉलीच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढतो, कोपरापर्यंत हात खुपसून खालचा कांदा बाहेर काढतो, अंगठ्याने दाबतो, पत्ती पाहतो. बाराशे, बाराशे पंचवीस, तेराशे, तेराशे एक्कावन्न. बोली थांबली की व्यापाऱ्याचे नाव पुकारले जाते, भाव लिहिलेली सौदापट्टी हातात पडते आणि घोळका पुढच्या नगाकडे सरकतो. एका ट्रॉलीला मिनिटभरही लागत नाही. रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत आणि मग चाळीत साठवून काढलेले महिने, सगळ्याचा निकाल त्या मिनिटात लागतो. तो निकाल चार लोकांसमोर, मोठ्या आवाजात लागतो म्हणून आम्ही तो मान्य करतो.

त्यानंतर ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवून निवडायच्या त्याच्या जागेवर जातो. तिथे ना पुकारणारा असतो ना दुसरे व्यापारी. भुईकाट्यावर भरल्या गाडीचे वजन होते, फाळके उघडते, कांदा खाली ओघळतो. निम्मी ट्रॉली रिकामी झाली की खळ्यावरचा माणूस म्हणतो, खालून गोल्टी (बारीक कांदा) निघाली, माल ओला आहे, दीडशे रुपये कमी करा, नाहीतर परत भरून न्या. आमच्याकडे याला वांधा काढणे म्हणतात. परत भरायचे तर मजुरी कोण देणार? आवारात नेईपर्यंत सत्र संपलेले, ट्रॅक्टर भाड्याचा, रात्र काढायची तर उद्याचा भाव आणखी काय असेल ते कोणाला ठाऊक. शेतकरी मान हलवतो. माझ्यावरही हा प्रसंग आला आहे. २६ क्विंटल मालावर क्विंटलमागे दीडशे रुपये, म्हणजे ३,९०० रुपये उभ्या उभ्या गेले. ज्याने सकाळी हात खुपसून तळाचा कांदा पाहिला होता, त्याच्याच खळ्यावर दुपारी तळचा माल खराब निघाला.

व्यापाऱ्यांचे म्हणणे मी झिडकारत नाही. काही शेतकरी वरच्या थराला निवडक माल लावतात आणि खाली गोल्टी किंवा खाद (खराब कांदा) दडपतात. अशा एका ट्रॉलीमुळे पुढच्या दहा शेतकऱ्यांच्या मालाकडे संशयाने पाहिले जाते, त्यामुळे हे बंद व्हावे असे आम्हालाही वाटते. पण संशय घ्यायचा तो बोली लावण्याआधी आणि सगळ्यांदेखत घ्यावा. आवारात बोलीआधी ट्रॉलीच्या मागच्या बाजूने थोडा माल खाली पाडून दाखवावा. बोली झाल्यावर व्यापाऱ्याला शंका असेल तर ट्रॅक्टर आवाराच्या फाटकाबाहेर पडण्याआधी, समितीच्या माणसासमोर ती मिटवावी. पटले नाही तर सौदा तिथेच मोडावा आणि त्याच सत्रात शेवटी फेरलिलाव करावा. फाटक ओलांडले की सौदापट्टीवरचा भाव एक रुपयानेही कमी होता कामा नये. आजही समित्यांत वांधा मिटवायला माणसे नेमलेली असतात. पण ती येईपर्यंत माल निम्मा खळ्यावर सांडलेला असतो, आणि सांडलेल्या मालाच्या मालकाला सौदा करायला जोर उरत नाही. निवाड्याची जागा खळ्यावरून आवारात आणली तरी निम्मे वांधे आपोआप थांबतील.

वजनाचेही तेच. भरल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन समितीच्या आवारातल्या काट्यावर व्हावे आणि काटापट्टीचा आकडा थेट सौदापट्टीला जोडला जावा. जिथे समितीकडे पुरेसे काटे नाहीत तिथे ते आधी बसवावेत. बाजार फी त्याच कामासाठी आहे.

आता पैशाचे. शेतमालाची रक्कम चोवीस तासांच्या आत मिळाली पाहिजे, हे बाजार समितीत प्रत्येकाला पाठ आहे. नोटाबंदीनंतर आमच्या पट्ट्यात चेकने पैसे देण्याची पद्धत पडली आणि किती चेक वटले नाहीत ते त्या वर्षी बँकांच्या दारात उभ्या राहिलेल्यांना विचारा. परवाना देताना समिती व्यापाऱ्याकडून तारण घेते. ते तारण त्याच्या रोजच्या खरेदीशी जुळते का, हा माझा प्रश्न आहे. समजा एका व्यापाऱ्याने दिवसाला ४० ट्रॅक्टर घेतले, प्रत्येकात २५ क्विंटल, भाव १,५०० रुपये. एका दिवसाची खरेदी १५ लाख रुपये होते. आठवडाभर उधारी थकली तर कोटीच्या घरात जाते. बँक हमी काही लाखांची असेल तर ती एका सकाळच्या लिलावालाही पुरत नाही. म्हणून तारण हे व्यापाऱ्याच्या मागच्या हंगामातल्या खरेदीच्या प्रमाणात ठरवावे, आणि दिवसाची खरेदी तारणाच्या ठरावीक पटीपुढे गेली की त्या दिवशी त्याची बोली घेऊ नये. समितीकडे प्रत्येक सौद्याची नोंद असते, त्यामुळे हा हिशोब संगणकावर क्षणात होतो. थकबाकीदार व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी लिलावात उभे राहू देणे आणि एकाच्या परवान्यावर दुसऱ्याने बोली लावणे, हे दोन्ही आवारात उघड्या डोळ्यांनी दिसते. दोन्ही थांबवायला नवा कायदा लागत नाही, कलम ८ वापरायची इच्छा लागते.

२०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम घेतली आणि अडकलेले पैसे परत मिळवून दिले. त्यात द्राक्ष बागाईतदार मोठ्या संख्येने होते, ज्यांचा माल शिवारात, बांधावरच विकला जातो. तिथे लिलावही नसतो आणि समितीचे लक्षही नसते. त्या मोहिमेबद्दल आम्हा सगळ्यांना कृतज्ञता आहे. पण वसुलीला पोलीस अधिकारी लागावा, आणि तो बदलून गेला की पुन्हा शेतकऱ्याने वाट पाहावी, हे परवाना देणाऱ्या यंत्रणेला शोभत नाही. निदान ज्याने समितीच्या आवारात, समितीच्या पुकाऱ्यावर माल दिला, त्याचे पैसे समितीने तारणातून द्यावेत आणि मग समितीने व्यापाऱ्याच्या मागे लागावे.

आणि लिलाव बंद. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले तेव्हा लिलाव बंद पडले. त्यानंतर २० सप्टेंबरपासून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी जवळपास दोन आठवडे खरेदी थांबवली. निर्यातशुल्क रद्द करा ही त्यांची मागणी आमचीही होती. शेकडा एक रुपया बाजार फी पन्नास पैशांवर आणा ही मात्र त्यांची स्वतःची मागणी होती, आणि तिच्यासाठीही आमचाच कांदा चाळीत सडत होता. डिसेंबरात निर्यातबंदी आली, पुन्हा बंद. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या (माल चढवण्या-उतरवण्याच्या आणि वजनाच्या मजुरीच्या) कपातीवरून व्यापारी आणि हमाल-मापाडी यांच्यात वाद झाला, तेव्हाही लिलाव बंद. दरवेळी भांडण वेगवेगळ्यांचे, नुकसान शेतकऱ्याचे. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, पण लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो.

व्यापाऱ्याला आंदोलनाचा हक्क आहे, तो मी नाकारत नाही. पण परवाना म्हणजे ठरावीक आवारात माल घेण्याचा अधिकार मोजक्यांना देणे. तो अधिकार घेऊन सगळ्यांनी एकत्र हात वर केले, तर त्या दिवशी शेतकऱ्याकडे दुसरा खरेदीदारच उरत नाही. म्हणून ठरावीक दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय सामूहिकपणे लिलावाबाहेर राहणे हा परवान्याच्या अटींचा भंग मानावा, आणि बंदच्या काळात बाहेरच्या जिल्ह्यांतल्या, बाहेरच्या राज्यांतल्या खरेदीदारांना त्याच आवारात तात्पुरता परवाना देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना असावा.

इथे एक अडचण आहे आणि ती आपल्यापासून लपलेली नाही. बाहेरच्याला परवाना मिळाला तरी खळे मिळत नाही. समितीच्या जागा, शेड, गाळे वर्षानुवर्षे त्याच घराण्यांकडे आहेत. खळ्याशिवाय माल उतरवायचा कुठे, निवडायचा कुठे, गोण्या भरायच्या कुठे? भारतीय स्पर्धा आयोगासाठी बंगळुरूच्या एका संस्थेने २०१२ मध्ये कांदा बाजाराचा अभ्यास केला, त्यातही मोठी खरेदी मोजक्या व्यापाऱ्यांकडे एकवटल्याचे आणि नव्यांना शिरकाव अवघड असल्याचे नोंदवले आहे. आवारात जितके हात बोलीला वर होतात तितका भाव निघतो. समितीने स्वतःची सामाईक खळी बांधून ती दिवसाच्या भाड्याने दिली, तर चार नवे हात आवारात येतील.

केंद्रासाठी कांदा खरेदी करणाऱ्या नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांनाही आवारात येऊन बोली लावायला सांगावे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यामार्फत २,४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली, पण ती खरेदी आवाराबाहेर, शेतकरी कंपन्यांमार्फत होते. या संस्थांनी परवाना घेऊन आमच्या ट्रॉलीसमोर उभे राहावे आणि इतरांसारखी बोली लावावी. सरकारी खरेदीदार घोळक्यात उभा आहे हे दिसले की बाकीच्यांची बोलीही सावरते. हा निर्णय केंद्राशी बोलून घ्यावा लागेल, तरी राज्याने तशी लेखी मागणी तरी करावी.

हे जमणार नाही असे आपले अधिकारी सांगतील. व्यापारी बंद पुकारतील, असेही सांगतील. २०१६ च्या जुलैत फळे-भाजीपाल्यावरची अडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला तेव्हाही राज्यभर बंद झाला होता. सरकार मागे हटले नाही आणि अडत आज खरेदीदाराच्या पट्टीवर आहे.

आपल्याकडे माझी मागणी एकच आहे, बाकी सगळे तिच्या मागून येते. परवान्याच्या अटींमध्ये एक वाक्य घाला : जाहीर लिलावात लावलेली बोली आवार सोडल्यानंतर खरेदीदारावर बंधनकारक राहील, भाव कमी केल्यास किंवा रक्कम मुदतीत न दिल्यास परवाना निलंबित होईल आणि रक्कम तारणातून दिली जाईल. पणन संचालकांकडून मसुदा काढा. त्यावर हरकती-सूचना मागवाल तेव्हा ती नोटीस फक्त कार्यालयाच्या फलकावर लावू नका. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे, येवला, कळवण, सटाणा इथल्या आवारांत सकाळच्या सत्राआधी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवा. शेतकरी त्या वेळी तिथेच ट्रॅक्टरपाशी उभे असतात, आणि आपली हरकत तिथल्या तिथे लिहून देतील.

आपला,
एक कांदा उत्पादक शेतकरी
ता. चांदवड, जि. नाशिक