मन लागत नाही, की बैठक चुकते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस जाहीर केला. त्या निमित्ताने पुण्यातही अनेक जण उत्साहाने ध्यानाला बसतात. पण महिनाभरात त्यातले पुष्कळ गळतात आणि विचारले की उत्तर एकच येते, 'मन लागत नाही हो.' ध्यान शिकवणारे म्हणून आम्हाला सांगावेसे वाटते की इथे मनाला उगाच बोल लागतो. बहुतेक वेळा चूक बैठकीत किंवा श्वासात असते, आणि ती दुरुस्त करता येते.

नुसत्या चटईवर मांडी घातली की अनेकांचे गुडघे कमरेच्या वर राहतात. मग कंबर मागे कलते, पाठीला पोक येते, पोट दाबले जाते आणि श्वास वरच्या वर चालतो. पाच मिनिटांत पाठ दुखू लागते, नाहीतर पेंग येते. उपाय घरातच आहे. जुनी सतरंजी किंवा घोंगडी चारपाच इंच उंची येईल अशी घडी करून फक्त बैठकीखाली घ्यावी आणि घडीच्या पुढच्या कडेवर बसावे. गुडघे कमरेच्या खाली आले की पाठ आपसूक उभी राहते, ताणून धरावी लागत नाही. एखादा गुडघा तरीही अधांतरी राहिला तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी द्यावी. पायाला मुंग्या आल्या तर सावकाश पाय बदलावा. बधिर पायावर झटकन उभे राहिल्याने माणसे पडतात. गुडघेदुखी असेल तर सरळ खुर्ची घ्यावी, पाठ न टेकता बसावे, तळवे जमिनीला पूर्ण लागलेले असावेत, पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवावा. खुर्चीवरचे ध्यान कमी प्रतीचे, ही समजूत ज्येष्ठांच्या मनातून जायलाच हवी.

जेवणानंतर तीन तास सोडावेत. पहिले दोन आठवडे रोज ठरल्या वेळी १० मिनिटे, मग दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवत २० पर्यंत. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

श्वासाचे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण खरी गफलत तिथे होते. सोडलेला प्रत्येक श्वास मोजायचा, एक ते दहा, आणि पुन्हा एकपासून. आकडा हरवला, किंवा आपण दहा ओलांडून सोळावर आलो असे लक्षात आले, की एकवर यायचे. पण मोजू लागताच काहींचा श्वास आकड्यामागे धावतो, मोठा आणि जोराचा होतो. बोटांना मुंग्या येतात, डोके हलके वाटते. 'शक्ती जागी झाली' अशी यावर समजूत करून घेतली जाते. तसे काही नसते. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याची ही लक्षणे. अशा वेळी मोजणे सोडावे. नाकपुडीच्या कडेला आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी कोमट, तेवढेच पाहावे. थोड्या वेळात श्वास आपल्या चालीवर येतो.

'विचार बंद करा' या सल्ल्याने माणसे हताश होतात. विचार येणारच. लक्ष भरकटले हे कळणे आणि ते परत आणणे हाच अभ्यास; १० मिनिटांत ४० वेळा परत आणले तर ४० वेळा अभ्यास झाला. ज्याला अंतरात्म्याशी नाते म्हणतात ते इथेच जुळू लागते. भरकटणे ज्याला दिसले, त्या आतल्या पाहणाऱ्याची ओळख होऊ लागते. महिनाभराने शेवटची दोन मिनिटे मोजणे थांबवावे. त्या वेळी मनात राग असेल तर कुणाचा, कशामुळे, हे न उगाळता तो शरीरात कुठे आहे ते पाहावे: आवळलेला जबडा, छातीतला घट्टपणा, गरम झालेले कान. 'मी रागावलो' याच्या जागी 'राग आला आहे' असे दिसू लागते, आणि तो उतरतानाही दिसतो.

तीव्र नैराश्य असेल, भीतीचे झटके येत असतील, तर मात्र दीर्घ मौन शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

आवाजांबद्दलही तक्रार असते. घंटागाडी, शेजारच्या कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न, यांचा नुसता चढणारा-उतरणारा नाद ऐकता येतो. त्याने बैठक मोडत नाही. शब्दांचे तसे नाही. कानावर भाषा पडली की मन अर्थ लावत बसते. म्हणूनच सामूहिक ध्यानात सुरुवातीच्या सूचनांनंतरही ध्वनिक्षेपकावरून बोलणे चालू राहिले, तर माणूस त्या आवाजाशी जोडला जातो, स्वतःशी नाही. आयोजकांनी पाच मिनिटे सूचना द्याव्यात आणि मग माईक खरोखर बंद करावा.

महापालिकेला एक विनंती. मोठ्या उद्यानांत सकाळी ६ ते ७ या वेळेत एक कोपरा ध्वनिक्षेपकाविना राखावा. तिथे थोडी सपाट फरशी आणि ज्येष्ठांना तळवे टेकून बसता येईल अशी, साधारण १७ इंच उंचीची चारपाच बाकडी एवढे पुरे.

आपले,
ध्यानवर्ग घेणारे काही शिक्षक, कोथरूड, पुणे