दोऱ्याने मोजलेलं अंतर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, नकाशाचा फोटो पोचला. दोन्ही टोकांना टाचण्या आणि मधे आईच्या शिवणाच्या डब्यातला निळा दोरा. तुमच्या-माझ्या गावांमधल्या सरळ अंतराचं तुमचं 450 किलोमीटरचं उत्तर बरोबर आहे. रस्त्याने 620 भरतात, कारण रस्त्याला डोंगर आणि नद्या चुकवत जावं लागतं.

मग विमानाला ताशी 500 किलोमीटरच्या वेगाने 54 मिनिटं लागायला हवीत, तिकिटावर सव्वा तास कसा, हा तुमचा प्रश्न. तिकिटावरची वेळ नुसती आकाशातली नसते. चाकांची ठोकळी काढून विमान जागचं हललं की ती सुरू होते, आणि पलीकडे ठरल्या जागी उभं राहिलं की संपते. धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश जाणं, परवानगीसाठी थांबणं, सगळं त्यात आलं. शिवाय चढता-उतरताना वेग कमी असतो, आणि एवढ्या जवळच्या प्रवासात चढ-उतारातच बराच वेळ जातो. वाटही दोऱ्यासारखी सरळ नसते. नेमून दिलेल्या बिंदूंवरून जायचं, आणि उतरताना शक्यतो वाऱ्याला सामोरं व्हायचं. त्यासाठी कधी विमानतळाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने यावं लागतं.

वाऱ्याचं गणित तुम्ही नक्की करून बघा. समोरून ताशी 60 किलोमीटरचा वारा असला तर जमिनीच्या हिशेबाने वेग 440 उरतो, म्हणजे 61 मिनिटं. तोच पाठीशी असला तर 560, म्हणजे 48 मिनिटं. जाता-येताना वेळेत फरक पडतो तो यामुळेही. वैमानिकाने वेग नॉटमध्ये सांगितला तर 1.852 ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतील.

आई, पंख्याचं विमान म्हटल्यावर तू धसका घेतलास, असं बाबा म्हणाले. अगं, त्या पंख्यामागे टर्बाइन इंजिनच असतं, जेटच्याच जातीचं. अशी दोन असतात, आणि एक बंद पडलं तरी दुसऱ्याच्या जोरावर उडत राहून उतरता यावं, अशीच त्याची रचना असते. आखूड धावपट्टीला आणि थोड्या अंतराला ते सोयीचं. ताशी 800 ने जाणारं जेट असतं तरी एवढ्या प्रवासात फार तर वीस मिनिटं वाचली असती. घरघर आणि थरथर मात्र जास्त जाणवेल. मी पहिल्यांदा बसले तेव्हा हातातल्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक तरंग उठत होते, उतरेपर्यंत मी तेच बघत होते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, खरंच. उतरताना कान दडपले तर आवंढा गिळत राहा. सर्दी असली तर निघण्याआधी डॉक्टरांना विचार.

मागच्या वेळी तुम्ही रात्रभर बसून आलात आणि सकाळी आईचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना. ते मला अजून दिसतं. म्हणून बाबा, 54 मिनिटं लागोत की सव्वा तास, या वेळी विमानानेच या. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली आहे. आई, ती नाकारू नकोस. विमानापर्यंत बरंच चालावं लागतं.

घरून तीन तास आधी निघा. विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नका. मी दाराबाहेरच उभी असेन, आणि बाबा, येताना तो दोरा घेऊन या.

तुमची,
लेक