बोटीला हात लावायचा नाही

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्या गार पाण्यात तासन्‌तास कशाला जीव काढतेस? कुणी सक्ती केलीय का?" मी हसून विषय बदलला, कारण उत्तर सापडेना. चार दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

आधी जे लपवलं ते सांगते. इंग्लिश खाडी एकट्याने पोहायची तर अगोदर १६ अंश किंवा त्याहून गार पाण्यात सलग ६ तास पोहून दाखवावं लागतं. मागच्या महिन्यात मी उतरले आणि सव्वाचार तासांनी बाहेर आले. आले कसली, काढलं मला. जीभ जड झाली होती, टॉवेलची घडी उलगडता येईना. शेजारून छोटी होडी वल्हवणाऱ्या मैत्रिणीने वार विचारला, तर तोही चुकला. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

एव्हरेस्टवर का जायचं, असं १९२३ साली जॉर्ज मॅलरी या गिर्यारोहकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते आहे म्हणून." लोकांना हे फार खोल वाटतं. मला तर तेच ते विचारून पिडलेल्या माणसाने केलेली सुटका वाटते. पुढच्याच वर्षी तो त्या डोंगरावर गेला तो परतलाच नाही. पण डोंगर सगळ्यांसाठीच तिथे असतो ना? मग बाकीचे घरी का बसतात?

मानसशास्त्रवाले दुसरं सांगतात. २०१२ साली तिघा संशोधकांनी 'आयकिया इफेक्ट' नावाची गोष्ट मांडली (आयकिया म्हणजे घरी नेऊन स्वतः जोडायचं फर्निचर विकणारी कंपनी): माणूस जी वस्तू स्वतः जोडतो, तिची किंमत त्याला जास्त वाटते. मात्र जोडणी अर्धवट राहिली, किंवा जोडून लगेच मोडून टाकली, तर ते वाटणं उरत नाही. हे वाचून मी चिडलेच. माझं तर अर्धवटच राहिलंय, तरी ते सव्वाचार तास मला दुसऱ्या कशाच्या बदल्यात द्यावेसे वाटत नाहीत. त्यांच्या प्रयोगातल्या डब्यांचं आणि खेळण्यातल्या ठोकळ्यांचं ठीक असेल, पाण्याचं गणित वेगळं असावं.

मला जे कळलं ते खाडीच्या एका नियमावरून. पोहणाऱ्यासोबत पूर्ण वेळ एक बोट असते. खाणंपिणं तिच्यावरूनच देतात, पण तेही अंग न लावता. पोहताना बोटीला हात लावला की संपलं. म्हणजे सुटका कुठे लांब नसते, अगदी शेजारून चाललेली असते. दर मिनिटाला हात पुढे करता येतो आणि दर मिनिटाला आपण तो करत नाही. बाकीच्या आयुष्यात माझ्या हातात असं काय असतं? कामं अंगावर येतात, आजारपणं येतात, निरोप येतात. इथे मात्र प्रत्येक हात मी मारते म्हणून मारला जातो.

म्हणूनच बाबांची नोकरी गेली त्या दोन वर्षांना मी या रांगेत बसवणार नाही. तेव्हा तुमच्या शेजारी बोट नव्हती. कष्टाने माणूस घडतो वगैरे म्हणणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, त्याचा मला राग येतो.

आरती साहाचं वाचलंस का कधी? ऑगस्ट १९५९ मध्ये तिचा खाडीचा पहिला प्रयत्न फसला, तोही किनारा थोडक्या मैलांवर राहिला असताना. महिनाभराने, २९ सप्टेंबरला ती पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत पार झाली. खाडी पोहून गेलेली ती आशियातली पहिली स्त्री. वय १९. मला तिच्या त्या सोळा तासांपेक्षा मधल्या महिन्याचं कुतूहल जास्त आहे. रोज सकाळी उठून ती काय विचार करत असेल?

आणि आई, तू कोणत्या तोंडाने मला विचारतेस गं? मी सातवीत होते. आम्ही झोपलो की तू दिव्याला कागद लावून अभ्यासाला बसायचीस. बाबा म्हणाले होते, "आता काय करायचीय पदवी?" पगारवाढ नव्हती, बढती नव्हती. संख्याशास्त्रात तू नापास झालीस तो दिवस मला आठवतो. तू कुणाशी बोलली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच पुस्तक उघडलंस. सोडून दिलं असतंस तर कुणी एक शब्द बोललं नसतं. उलट सगळे खूशच झाले असते.

का उघडलंस ते? फोनवर तू "असंच" म्हणशील, म्हणून लिहून पाठव.

रविवारी मी पुन्हा पाण्यात उतरतेय. या वेळी हळू सुरुवात करणार आहे. रात्रीपर्यंत फोन आला नाही तर घाबरू नकोस, मी झोपलेली असेन.

तुझी,
धाकटी